जातीचा रकाना

नव्या वर्षाच्या रजिस्टरात एक रकाना वाढला.
वरून हुकूम आला, फूटपट्टी धरून मीच रेघ ओढली:
नाव, वय, मोहल्ला, कुठे चावला,
आणि त्यापुढे, शिसपेन बोथट होईस्तोवर गिरवलेलं,
जात.

इकडे खिडकीवर सगळे नस्ल म्हणतात.
माझं डोकं मात्र आईच्या मराठीतच चालतं,
म्हणून जनकगंजातले दिघेकाका बाकावर टेकले तेव्हा
मी सरळ विचारलं, "जात?"
पोटरीवरचा रुमाल न सोडता ते म्हणाले, "देशस्थ."
मग मी हसले, मग तेही, दुखत असूनही.
रांगेतलं कुणी हसलं नाही.
"कुत्र्याची, काका."
"त्याला कोण विचारायला बसलंय?
पिवळट होतं. गल्लीतलंच.
रोज माझ्याच हातची पोळी खातं."

धुक्यानं किल्ला गिळलेला,
लशीच्या डब्यातला बर्फ आणि माझी बोटं सारखीच गार.
रकाना भरत गेला तो असा:
माहीत नाही. माहीत नाही. काळं.
शेजाऱ्यांचं. आमचंच.
पांढरं, झुपकेदार, नाव स्वीटी,
सूनबाईंच्या ओठाला सहा टाके.
माहीत नाही.
भटकी कुत्री, पोत्याखाली पिल्लं होती.
एका पोरानं हट्टानं लिहायला लावलं: शहाणं.

बंदीची यादी भिंतीवर डकवली आहे.
परदेशी, जड नावं,
तालमीतल्या पहिलवानांना शोभतील अशी.
पंचवीस जानेवारी उजाडली, त्यांतलं एकही आलं नव्हतं.

पण त्या यादीला मी हसत नाही.
मागच्या जूनमध्ये मुरारहून एक पोर आणली होती,
चौथीतली. कान वेगळा, ओढणीत गुंडाळून.
तो होता यादीतला.
गच्चीवर बांधलेला, दीड हात साखळी,
घरचे झाशीला लग्नाला, पाण्याचं घमेलं पालथं.
ती चेंडू आणायला वर चढली.
तिच्या आईला मी घमेल्याचं काय सांगणार होते?
तिनं जबडा पाहिला होता.
जबडा खरा होता.

थाटीपूरचा सुलतान कधी कुणाला चावला नव्हता.
पट्टा, बिल्ला, लशीचं कार्ड,
सगळं मालकाच्या फायलीत, तारखेनिशी.
निगमची गाडी दुपारी दोनला आली.
लांब चिमट्यानं मान आवळली गेली,
मालकाचा मुलगा आडवा आला, ओढाताण झाली,
आणि हरचरण कुशवाहचा डावा अंगठा
नको तिथे सापडला.

आता हरचरण माझ्यासमोर बसलाय, बाही वर सारून,
उजव्या हातानं रकाना दाखवत,
"लिखिए सिस्टर, पिटबुल."
जरा ऐटीतच.
लिहिलं.
वर्षातली पहिली नोंद.
महिनाअखेर आकडा वर जाईल,
वरचे म्हणतील, बघा.

मग आवाज खाली आणून हरचरण विचारतो,
"उसको मार तो नहीं देंगे ना?
पिंजरे में भी पूँछ हिला रहा था."

मी कार्डावर तारखा घालत राहते.
आज. तिसरा दिवस. सातवा. अठ्ठाविसावा.
सुई नंतर, हरचरण. आधी नळाखाली जा.
लाल वडी तिथंच आहे, दोरीला बांधलेली.
पंधरा मिनिटं, घड्याळ बघून.
पाणी झोंबेल.
हात काढायचा नाही.