अर्धा पावा

एल आल्तो, चार हजार शंभर मीटर.
इथे जिना चढताना माणूस मध्येच थांबतो
आणि का थांबलास, असं कुणी विचारत नाही.

टेबलावर सेवेरो युह्रा, वय त्रेसष्ट, पित्ताशयात खडे.
फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात
त्यानं एकच शब्द लिहिला होता: इरा.
हे काय, मी विचारलं.
"आमचा पावा दोघांत वाटलेला असतो, डॉक्टरीणबाई.
एक सूर इराकडे, पुढचा अर्काकडे.
अख्खी धून एकट्याला कुणालाच येत नाही.
मेहुणा फुंकतो तेव्हा मी श्वास घेतो."

मग मास्क. आकडे उलटे मोजत
तो सातापर्यंत आला.

नळी, चिकटपट्टी, छाती दोन्ही बाजूंनी ऐकली.
आता त्याचा भाता माझ्या हाती.
भूल देणं माझं काम,
चूकभूलही माझ्याच नावावर.

बेंबीपाशी बोटभर चीर,
तिच्यातून गॅस आत. तोच,
जो आपण सगळे दिवसभर बाहेर टाकत असतो.
पोट तंबूसारखं वर येऊ लागलं
आणि नाडी बहात्तरवरून एकदम
चौसष्ट, बावन्न, एकेचाळीस
"गॅस थांबव, रेनान!"

सर्जनचा हात हवेत. ॲट्रोपीन.
दोन ठोक्यांच्या मध्ये
एक अख्खी गल्ली ओस पडलेली.
मग एक ठोका.
बऱ्याच वेळानं, दुसरा.
"आता सावकाश भर. बाराच्या वर नको."

छातीचा पडदा वर ढकललेला,
फुप्फुसांना घर लहान झालेलं.
मोठे घोट सोडून दिले मी,
लहान लहान दिले, पटापट,
आजारी पोराला पेज पाजावी तसे.

पुस्तकातले आकडे समुद्रकाठचे.
तिकडे पस्तीस म्हणजे ठीक.
इथला माणूस जन्मभर सत्तावीसवर जगतो,
हे मला पुस्तकानं नाही, आईच्या धापेनं शिकवलं.
अठ्ठावीस. एकतीस. चौतीस.
पडद्यावरची हिरवी टेकडी चढतच चालली.
मी वेग वाढवला, सोळा, अठरा, वीस.
रेनान कापत होता, मी फुंकत होते.
एकतीसवर येऊन टेकडी थबकली.

तेव्हा लक्षात आलं,
इतका वेळ मी माझा श्वास
यंत्राच्या मधल्या फटीत घेत होते.

जागा झाल्यावर तो कण्हला,
"कापलंत पोट, मग खांदा का दुखतोय?"
पडद्याची नस मानेतून येते, मी सांगितलं,
तो कुरकुरतो खाली, ऐकू येतं वर.
उरलेला गॅस जाईल दोन दिवसांत.
"जाईल कुठे?"
रक्तात, आणि मग तुमच्याच श्वासावाटे.
तो बराच वेळ छताकडे बघत राहिला.
"आणि तुम्ही म्हणता महिनाभर फुंकू नको.
फुकट जाणार सगळा."

बाहेर बाकावर मेहुणा,
मांडीवर लोकरीची पिशवी.
मी विचारलं नव्हतं, त्यानंच उघडून दाखवली:
"या सात. सहा त्याच्याकडे."