चूक-मर्यादा

पाच आठवडे झाले, चौऱ्याऐंशी पूर्णांक सहा.
दात घासण्याआधी, नंतर,
चष्मा काढून, एकदा तर लुंगीही सोडून,
आकडा तोच.
पहिले सात किलो असे भराभर उतरले होते
की ऑफिसात विचारायचे, साहेब, साखर निघाली का?
आणि मी मिशीत हसायचो.

माझा धंदाच संशयाचा.
एकवीस वर्षं वैधमापन खात्यात,
मार्केट यार्डाच्या गाळ्यागाळ्यात
पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक शोधलंय,
बटाट्यांवर टेकलेली करंगळी पकडलीय.
तेव्हा पहिला आरोपी अर्थात काटाच.
त्याला स्कूटरच्या पायाशी उभा करून
बिबवेवाडीच्या उतारावरून ऑफिसात नेला,
वीस-वीसची चार प्रमाणित वजनं वर मांडली.
ऐंशी पूर्णांक शून्य.
शिपाई गेनू म्हणाला, काटा सज्जन आहे साहेब.

म्हणजे उरलो मी.

मुजावर मॅडमचं क्लिनिक सातारा रस्त्याला, टायरच्या दुकानावर.
जिन्यात रबराचा वास, भिंतीवर मोड आलेल्या मटकीचं चित्र.
माझी वही त्यांनी पुढून वाचली, मग मागून.
दोन पोळ्या, वाटीभर वरण, काकडी, ताक,
सगळं सुवाच्य, पंचनाम्याच्या अक्षरात.
म्हणाल्या, यात गाळ्यांवरचं दिसत नाही.

गाळ्यांवरचं?
मी आयुष्यात कुणाचा रुपाया घेतला नाही, मॅडम.
रुपाया नव्हे हो. खजूर.

मग एकेक आठवत गेलं.
ओसवालांचा खजूर, बी काढून तळहातावर ठेवलेला,
भुसारात चार खारे दाणे, चार म्हणजे मूठ,
ढेप फोडताना उडालेला गुळाचा खडा,
आणि अमृततुल्यचे अर्धे अर्धे कप,
ज्यांची बेरीज मी एकवीस वर्षं शून्य धरत आलो.
लाच नव्हती ती.
नमुना होता.
नमुन्याची पावती नसते.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आणखी एक,
एक्क्याण्णव किलोच्या माणसाचं ताट
तुम्ही अजून चौऱ्याऐंशीच्या माणसाला वाढताय.
हलकं शरीर कमीत भागवतं.
मग तक्त्यावर खाडाखोड: रात्रीचा भात निम्मा,
तेल बुधलीतून नाही, चमच्यानं,
सकाळी दोन अंडी, नाहीतर मुगाचं धिरडं,
तळजाई आठवड्यातून चारदा, आणि त्या दिवशी
एक पोळी जास्त.
जास्त?
जास्त. उपाशी माणसाचा हात नमुन्याकडे आपोआप जातो.
आणि काट्यावर फक्त रविवारी.

घरी कुमुदनं तेलाचा चमचा भरला.
मी वाकून डोळ्यांच्या रेषेत पातळी बघितली.
ती म्हणाली, शिक्काही मारा आता त्याच्यावर.

सोमवारी ओसवालांच्या मुलानं खजूर पुढे केला.
मी हात मागे बांधले.
त्याचा चेहरा उतरला, न मागता
त्यानं पडताळणीचं प्रमाणपत्र काढलं,
मग मागच्या वर्षीचं,
मग आतल्या खोलीतला, मला कधीच न दाखवलेला
एक काटा.

तीन रविवार. चौऱ्याऐंशी सहा.
चौऱ्याऐंशी नऊ, त्या दिवशी कुणाशी बोललो नाही.
चौऱ्याऐंशी तीन.
आमच्या नियमात प्रत्येक काट्याला
थोडी चूक माफ असते, ग्रॅममध्ये लिहिलेली.
तेवढ्यात राहिला तर काटा खरा.
हे मी शेकडो दुकानदारांना समजावलंय,
टेबलावर बोट आपटून.

काल भाचीच्या बाळाचे पेढे आले.
एक मोडला, पाव तोंडात टाकला,
उरलेला कुमुदच्या ताटलीत सरकवला.
वहीत लिहिलं: पाव पेढा, नमुना.
आणि खाली सही केली.