अनामत

मंगळवारी संघ वरच्या गटात गेला.
बुधवारी फाइल माझ्या टेबलावर.

ऐरोलीच्या मैदानावर मुलं धुळीसकट नाचली म्हणे,
करंडक वर्गावर्गातून फिरला,
कॅन्टीनच्या शेट्टींनी चहा फुकट वाटला
आणि संध्याकाळी क्रीडाखात्यावर लिहून टाकला.
अकरा नव्हे, चौसष्ट कप.

मी लेखा विभागातली.
ऑफसाइड मला अजून कळत नाही.
पण नियमपुस्तिका कॉलेजात सगळ्यात आधी मी वाचली,
शेवटच्या पानापासून,
जिथे रकमा असतात.

खालच्या गटात चुन्याने रेघा ओढल्या की सामना व्हायचा.
वर दोन रंगांचे गणवेश लागतात,
परवानाधारक प्रशिक्षक लागतो
(आमचे पाटणकर सर भूगोल शिकवतात,
शिट्टी घरून आणतात)
आणि घरच्या प्रत्येक सामन्याला रुग्णवाहिका,
नव्वद मिनिटं फाटकाशी उभी.
वाशीच्या माणसाला फोन लावला.
पेशंट असो नसो, भाडं तेच, म्हणाला.
आणि कोणी पडलंच नाही तर?
तो हसला. चांगलंच की, बाई.

घणसोलीचं टर्फ तासावर मिळतं.
दिव्यांचे वेगळे.
पिण्याचं पाणी मी एकदा खोडलं,
मग लाज वाटून परत लिहिलं.
ग्रंथालयाची चार मासिकं बंद केली
तर अर्ध्या जर्सी निघतात.
कोणत्या अर्ध्या, ते मी ठरवायचं नसतं.

प्राचार्यांनी दार लोटून घेतलं.
वर जाणं नाकारता येतं का हो?
येतं, सर. नियम सतरा.
त्याला दंड आहे, तोही काढून ठेवलाय.
ते बराच वेळ करंडकाकडे बघत राहिले,
ज्याला ठेवायला आपल्याकडे कपाट नाही.

पाचला गोलकीपर आला बोनाफाईड न्यायला,
निहार कोळी, दिवाळे गावचा,
हातमोज्यांना सायकलच्या ट्यूबची ठिगळं.
टेबलापलीकडून उलटी फाइल वाचता येते त्याला.
मॅडम, सगळे सामने हरलो
तर अनामत जाते?

मी पान शोधलं.
हरल्याने नाही जात.
एकदा जरी मैदानावर आला नाहीत, तर जाते.

एवढंच ना, तो म्हणाला,
आणि शिक्का वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत उभा राहिला.

तो गेल्यावर बेरीज पुन्हा केली.
दोन लाख अठरा हजार कमी, तेवढेच.
पण या वेळी आकडा
मी पेन्सिलीने लिहिला.