दाखल अंक एक

तांबट आळीत, भांड्यांच्या दुकानावर,
जिना इतका अरुंद की मशीन चढवताना
हमाल आधी वर गेला आणि मग दोरीने मशीन,
असं ठोके सर सांगतात.
खाली घंगाळावर हातोडी, वर सहा गोदरेज.
शिकणाऱ्यांना ठेका आयता मिळायचा.
महिना तीस रुपये, मुलींना पंचवीस.
पाटी त्यांनी स्वतःच रंगवली होती
आणि 'इन्स्टिट्यूट'मधला एक ट राहून गेला होता.

मी तेव्हा नव्हते.
मी आले आडगावला, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षी.
ग्रंथालय म्हणजे एक कपाट, तेही गोदरेजच,
आणि किल्ली कॅन्टीनवाल्याकडे.
"जायखेडकर बाई, पुस्तकं येतील.
आधी नोंदवही आणा. जाड आणा."

पुस्तकं आली.
मग सिन्नरच्या वाटेवर फार्मसी आली,
मग दिंडोरी रोडची साडेअकरा एकर द्राक्षबाग,
शेवटचा घड उतरल्यावर खरेदीखत.
मांडवाचे अँगल सरांनी भंगारात दिले नाहीत.
त्यांचा सायकल स्टँड झाला, सायकली संपल्यावर
होस्टेलच्या मुली त्यावर ओढण्या वाळत घालू लागल्या.
काही टाकायचं नाही,
हा त्यांचा एकच अभ्यासक्रम, कुणाची मान्यता न घेता चालवलेला.

समिती बहुधा गुरुवारी यायची.
म्हणून बुधवारी रात्री टेम्पो.
आडगावची पुस्तकं सिन्नरला,
सिन्नरचे सूक्ष्मदर्शक दिंडोरी रोडला,
आणि शुक्रवारी सगळं माघारी.
द्वारकेला सिग्नल लागला की
ताडपत्रीखाली पुस्तकं एकमेकांवर कलायची.
मी पुढे, मांडीवर नोंदवही.
एकेका पुस्तकावर तीन कॉलेजांचे तीन शिक्के,
जांभळा, निळा, आणि ऐनवेळी मिळाला तो हिरवा.
त्यांनी जितक्या वेळा गोदा ओलांडली
तितकं पुण्य माझ्या खात्यावर नाही.

याला काय म्हणतात ते मला माहीत होतं.
सरांना माझ्याआधी.
"बाई, पण मुलं खरी आहेत ना?"
मुलं खरी होती. पेठची, कळवणची, घरातली पहिलीच.
फी तर फारच खरी होती.

यमुना भोये सुरगाण्याची.
वाचनकक्षात शेवटचा दिवा तिचा.
हप्ता थकला तेव्हा तिची मूळ प्रमाणपत्रं
अकरा महिने ऑफिसच्या कपाटात होती.
मी एकदा सरांकडे शब्द टाकला.
त्यांनी पंख्याकडे बघितलं.
"पगार कुठून देऊ, बाई? तुमचा?"
मी गप्प बसले. पगार तारखेला झाला.

गेल्या गुरुवारी समितीत चौथी खुर्ची तिची होती.
केस आखूड, चष्मा, ओळख दाखवली नाही.
सिन्नरच्या कपाटातून तिने एक पुस्तक काढलं,
थेट दोनशे बाराव्या पानावर उघडलं.
समासात पेन्सिलीने आकडेमोड होती
आणि कोपऱ्यात 'आडगाव, रात्री १'.
तिने तिन्ही शिक्के बोटाने मोजले.
"बाई, मूळ कुठे असतं हे?"
मला उत्तर होतं. दिलं नाही.
तिने पुस्तक जागच्या जागी ठेवलं,
सरळ करून,
आणि वहीत काय लिहिलं ते अजून टपालात आहे.

संध्याकाळी सर आले. ग्रंथालयात बसलेले
मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले.
"नोंदवही काढा. पहिली ओळ."
दाखल अंक एक : टंकलेखन प्रवेशिका.
किंमत चार रुपये. देणगीदार त्र्यंबक केदू ठोके.
शेरा : प्रत अद्याप जमा नाही.
अक्षर माझंच, तीस वर्षांपूर्वीचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती आणली.
रद्दी कागदाचं वेष्टन, आत तेलाचा डाग,
पहिल्या धड्यावर कुणीतरी ठोकून ठोकून भोकं पाडलेली.
"शिक्का मारा, बाई."
मी खण ओढला. तीन शिक्के.
"कुठला?"

सर बराच वेळ खणाकडे बघत राहिले.
तोवर पॅडवरची शाई
वाळली.