नदीबद्दल काही लिहिलेलं नाही

शरणपूरच्या दफनभूमीत माणसं पाय पूर्वेला करून झोपतात,
उठतील तेव्हा तोंड उजेडाकडे असावं म्हणून.
आबांच्या पायांसमोर आता एका हॉस्पिटलचं पार्किंग आहे.
तुतारी वाजेल त्या सकाळी
त्यांना सगळ्यात आधी एखादी रिक्षाच दिसेल.
चालेल, म्हणाले असते. रिक्षा लागेलच की.

शद्रक बार्नबा उजागरे.
एकतीस वर्षं नोट प्रेस, तपासणी विभाग.
शीट उजेडासमोर धरायची,
पाण्याची खूण बघायची, शाई फुटली का, कड सरकली का,
आणि बाद असेल तर कोपऱ्यात लाल पेन्सिल.
देवळात पाळकसाहेब न्यायाच्या दिवसावर बोलायचे,
मेंढरं इकडे, शेरडं तिकडे,
तेव्हा आबा बाकावर मान डोलवायचे,
जणू त्यांच्याच खात्याचं परिपत्रक वाचलं जातंय.
घरी येऊन बूट काढता काढता म्हणायचे,
"बाद नोट जाळतात, पण नंबर जाळत नाहीत.
नंबर वहीत राहतो. एकही हरवून चालत नाही."
आणि मग, जरा वेळानं,
"मी एकही शीट रागानं बाद केली नाही."

आई इंदुमतीच राहिली.
नाताळच्या करंज्या तिच्या, आणि देवळीतलं निरांजनही तिचंच.
बाप्तिस्म्याचं आबांनी एकदाच विचारलं,
ती म्हणाली, "भाकरी थापतेय."
पुढची चाळीस वर्षं ती भाकरी थापतच होती.

ती आधी गेली. मामानं सगळं केलं.
रामकुंडावर उभं राहून तो मला म्हणाला,
"इथं अस्थी विरघळतात, बाई. काही म्हणजे काही उरत नाही."
सांत्वन म्हणून म्हणाला.
आबा दोन पायऱ्या वर उभे होते,
टोपी हातात,
आणि त्यांनी ते ऐकलं.

त्या रात्रीपासून प्रेसमधलं भिंग घेऊन ते शास्त्रात शोधत बसले.
समुद्र आपल्या पोटातले मेलेले परत देईल, हे सापडलं.
कबरी उघडतील, हेही.
"नदीबद्दल काही लिहिलेलं नाही," म्हणाले,
वर्तमानपत्रात बदलीची यादी बघून उठावं तसे.
नवे पाळक तरुण, श्रीरामपूरकडचे.
त्यांनी सुरुवात केली, "काकींचा बाप्तिस्मा..."
मग आबांकडे पाहिलं
आणि बशीत चहा ओतला.

एका दुपारी नातीचा नकाशा मागून घेतला.
निळ्या रेघेवरून बोट:
नाशिक, पैठण, नांदेड, राजमहेंद्री,
आणि कागदाच्या कडेला, समुद्र.
"नांदूरमध्यमेश्वरला अडकेल थोडी.
जायकवाडीत जास्त.
पण पोचेल."
भिंग पुसलं, डबीत ठेवलं.
त्यानंतर दर पावसाळ्यात
पेपरातला विसर्गाचा आकडा वहीत उतरवून घ्यायचे.
दारं उघडली की त्या दिवशी जेवण नीट जायचं.

एप्रिलमध्ये आबांना पुरलं.
मामा आला होता. मूठभर माती टाकून,
हात कुठं धुवायचे ते न कळून, हात तसेच धरून उभा.
मला हळूच विचारलं,
"आता इथं किती दिवस?"
मी काय सांगणार.
पाळक म्हणाले, "शेवटच्या दिवसापर्यंत."
मामानं घड्याळात पाहिलं.
मग स्वतःच ओशाळला.

माझं विचाराल तर
मी दर रविवारी जातेच असं नाही.
ती वही कुठं आहे, ती कोण लिहितं,
माझ्या कोपऱ्यात लाल पेन्सिल लागली आहे का,
रात्री झोप लागली नाही की विचार करते.
नाहीतर नाही.

आज पेपरात होतं, गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला.
चहा निवला.
मी आकडा दोनदा वाचला
आणि आबांच्या वहीत, त्यांच्या शेवटच्या ओळीखाली,
तारखेसकट लिहिला.