थकलेला शब्द

आधी ताप आला, मग वादळ.
ईयोबाच्या दारात एका निरोप्याचं बोलणं संपत नाही
तोच दुसरा येऊन उभा राहतो.
आम्हांला मधे अकरा महिने मिळाले.

शेगुला. एकोणीस वर्षांची.
अलिबागचं सिव्हिल, मग पनवेल, मग परत
चौलच्या नाक्यावरून, रात्री,
ॲम्ब्युलन्सचा दिवा बंद.
सात दिवस जमिनीवर बसलो, आरशावर तिचाच दुपट्टा.
कद्दीशला दहा पुरुष लागतात.
रेवदंड्यात सहा निघाले, दोन मुरूडहून, एक बोर्लीहून,
दहावा, लंगडा हसाजी, एसटीतून उतरला
तेव्हा उन्हं कलली होती.

मग वादळ.
सुपारीची त्रेचाळीस झाडं एकाच अंगाला आडवी,
कुणी विंचरून ठेवल्यासारखी.
आमच्या मशिदीची कौलं, गाव मशीदच म्हणतं सिनेगॉगला,
कोळीवाड्यापर्यंत गेली. पोरांनी वेचून आणली,
शाबूत तेवढी.

बावीस दिवस वीज नव्हती.
कंदिलाशी पुस्तक धरून मी वाचायचो मोठ्याने,
योखेबेद पोहे निवडत ऐकायची.
शेवटच्या अध्यायात माझा आवाज चढला:
मेंढरं दुप्पट, उंट दुप्पट,
पुन्हा सात मुलगे, पुन्हा तीन मुली,
यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक.
तिने सूप खाली ठेवलं.
"आणि आधीच्या तिघी?"

पानं मागे उलटली.
आधीच्या तिघींची नावं लिहिलेली नाहीत.
"त्यांच्या आईचंही नाही," ती म्हणाली,
"एकच वाक्य दिलंय बिचारीला, तेही तोंड पोळल्यासारखं."
मला वाटलं, आता ही पुस्तक मिटायला सांगेल.
तिने वात वर केली.

शब्बाथ सुटला. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर
पोहे भिजवलेले,
पडल्या माडाचं खोबरं खोवलेलं, साखर, वेलची,
पाच फळं धुऊन ठेवलेली.
"मलिदा कशाचा?"
"एलियाहू हनाबीचा. बोलले होते ना पनवेलला, जिन्यात.
पोर उठली तर खंडाळ्याला येईन."
"पोर उठली नाही, योखेबेद."
"मला सांगतोस? शेवटची आंघोळ मी घातली तिला."
ताटावर फडकं बांधता बांधता, माझ्याकडे न बघता:
"माझा शब्द माझ्याकडे थकलाय.
त्याचा त्याच्याकडे. तो त्याचं बघेल."

खंडाळ्याला कातळावर नबीच्या रथाची चाकोरी आहे
असं आमचे आजे-पणजे सांगत.
चाकोरीत पावसाचं पाणी, पाण्यात बेडकांची पिल्लं.
मी आभाळाकडे बघत होतो, सवयीने.
ती ओणवी होऊन त्या पाण्याकडे.
प्रार्थना तिने पुरी म्हटली, एक अक्षर न गाळता,
आवाज तसाच, ज्या आवाजात
वाण्याशी उधारीचं बोलते.
आमेन म्हणायला मला वेळ लागला.
ती थांबली तोवर.

मलिदा शेतातल्या आगरी बायकांना वाटला.
चिखलाचे हात, म्हणून त्यांनी पदर पुढे केले.
एकीने विचारलं, नवस फळला का?
योखेबेद म्हणाली, "फेडला."

परतताना रिक्षात रिकामं ताट मांडीवर.
आक्षीपर्यंत गप्प. मग म्हणाली, वेलची जास्त पडली आज.
शेगुला दाताखाली आलेली वेलची
थुंकून टाकायची,
नबीच्या मलिद्यातलीसुद्धा.