शेवट सांगायचा नाही

धंतोलीतल्या लॅबमध्ये मी दिवसभर दात करते.
सिरॅमिकचे. कुणाची दाढ, कुणाचे पुढचे दोन,
खर्रा खाणाऱ्यांसाठी जरा पिवळट शेड.
रात्री कूलरमध्ये दोन बादल्या ओतून
हेडफोन कानांवर दाबते,
कारण आमचा कूलर ट्रकसारखा घुरघुरतो,
आणि कुणीतरी रेषेरेषेने काढलेली माणसं
मरताना बघते.

सवय जात नाही. राक्षसाने तोंड उघडलं
की मी थांबवते आणि दात मोजते.
चाळीस निघाले, तर चित्रकार नुसता घाबरवायला बसलाय.
बत्तीस निघाले, आणि त्यातला एक किडका,
तर वही उघडते.

रविवारी रेशीमबागेत, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही अकरा जण. कधी सातच.
जरीपटक्याचा लवेश चंदवानी पोहे आणतो, तर्री वेगळ्या पिशवीत.
नीलकंठ धकाते फक्त आवाजांबद्दल बोलतो.
मी वहीतून वाचते:
तिसऱ्या भागातला पाऊस खोटा, पाण्याला वजन नाही.
रक्ताला आहे.
सातवा भाग उगाच. भुकेली पोरं
फक्त आपल्याला वाईट वाटावं म्हणून उभी केलीत.
हे मी माफ करत नाही.

तारे देत नाही मी.
किती दिवे चालू ठेवून झोपले, ते लिहिते.
आजवरचा उच्चांक तीन, आणि संडासातला.

लॅबमधल्या पराते काकू म्हणतात,
कार्टून बघायचं वय आहे का तुझं, आणि तेही असलं अभद्र?
याच काकू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
नातवाला खांद्यावर घेऊन
काळ्या मारबतीची वाट बघत तीन तास उभ्या असतात.
तो रडतो. त्या त्याला आणखी वर धरतात.
मी काही बोलत नाही. साच्यात मेण ओतते.

मे महिन्यात ती मालिका आली,
जिच्यात एका मुलाची बहीण हळूहळू भिंत होत जाते.
आधी बोटं. मग कोपर.
आई तिला भात भरवते, तर हनुवटीचे पोपडे ताटात पडतात.
बारा भाग. दोन रात्रींत संपवले
आणि तिसऱ्या दिवशी एका आजींचा सुळा
पांढराफटक करून बसले.

त्या रविवारी वाचन झालं, सगळे तर्रीकडे वळले.
सुगत जिन्यात थांबला होता.
पंधरा वर्षांचा. पायात मोठ्या बहिणीची चप्पल.
"ताई, थे शेवटी वापस माणूस होते का?"

आमचा एकच नियम, दारामागे खडूने लिहिलेला,
माझ्याच अक्षरात.
म्हटलं, बघ ना तू.
"बघीन. पन आधी सांगून दे.
मेडिकलमधून रात्री घरी येतो ना, तवा बघतो.
मले एकदम नाही पायजे."

खाली कुणीतरी ट्यूबमध्ये हवा भरत होतं.
सांगितलं मी.
नाही होत. ते घर भाड्याने जातं,
नवा भाडेकरू तिच्यात खिळा ठोकतो
आणि कॅलेंडर लावतो.

"दुखते का तिले?"

दाखवलं नाही. खिळा जाताना आवाजच ठेवलेला नाही.
पण मग थंडी पडते, आणि त्या घरातलं मांजर
त्याच भिंतीला टेकून झोपतं,
दुसऱ्या कुठल्याच नाही.
बस, तिथे संपतं.

त्याने बराच वेळ कठड्याचा रंग नखाने खरवडला.
"चालते," म्हणाला. "आता बघता येईन."
आणि वर जाऊन पोहे खाल्ले, दोनदा तर्री घेऊन.

वहीत दिवे लिहायचे राहिले होते.
रात्री लिहिलं, एकही नाही. मग खोडलं.
कूलरमधलं पाणी संपून पंखा कोरडाच फिरत होता.
उठले नाही.
पाठ टेकून बसले. रात्रीचा एक वाजून गेला होता,
आणि भिंत अजून
गरम होती.